तक्रारींच्या रकान्यात गाणं

‘पेशंट विनाकारण ओरडते, मुलांना ओळखत नाही.’ आईच्या फाइलमध्ये ‘तक्रारी’च्या रकान्यात इंग्रजीत हे असं लिहिलेलं वाचलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. अर्धांगवायूने तिची वाचा गेली, हे ठाऊक होतं. पण ओरडते? आमची आई? लग्नानंतर नाशिक रोडच्या कॉलनीत जन्म गेला, पण भाजीवाल्यावरसुद्धा जिने कधी आवाज चढवला नाही, ती? खाली झोपेच्या इंजेक्शनची नोंद होती. तिला घरी न्यायचं की कायमचं एखाद्या केंद्रात ठेवायचं, हे याच फाइलवरून ठरणार होतं. “असे पेशंट घरी सांभाळणं जमत नाही हो ताई,” तरुण डॉक्टर अगदी मायेने म्हणाले. त्या मायेचाच मला संताप आला.

दुपारी आईच्या माहेरहून, नामपूरहून मावशी आली. आम्ही वॉर्डात शिरलो तेव्हा इंजेक्शनचा अंमल उतरत होता आणि आई खरंच मोठमोठ्याने काहीतरी म्हणत होती. तोंड वाकडं, शब्द बोबडे. सिस्टर सिरिंज घेऊन आलीच. मावशीने सिस्टरचा हात धरला आणि अहिराणीत म्हणाली,

“वरडी नही ऱ्हायनी व बाई ती! हयदना गाना म्हनी ऱ्हायनी!”

आई ओरडत नव्हती, हळदीचं गाणं म्हणत होती! तिच्या लग्नाआधी तिच्या गाण्याशिवाय गावात कुणाला हळद लागत नसे, हे मी फक्त ऐकून होते. माझ्या लग्नात डीजे होता. तिला गा म्हणणार कोण?

मावशीने खाटेवर बसून पुढची ओळ धरली, तिच्यापुढची आईने ओढली. ज्या तोंडातून साधं ‘पाणी’ निघत नव्हतं, त्यातून कडवीच्या कडवी बाहेर पडत होती. मी डॉक्टरांना अक्षरशः ओढत आणलं. या गाण्यांत एक जागा मोकळी असते, ज्याला हळद लागते त्याचं नाव तिथे घालायचं. मावशी त्या जागेपाशी आली आणि मुद्दाम गप्प बसली. आईने माझ्याकडे पाहिलं आणि माझं नाव घातलं. पुढच्या कडव्यात माझ्या भावाचं.

मी सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले.

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “म्हणजे या गात होत्या, आणि आम्ही झोपवत होतो?” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग म्हणाले, “गाण्याच्या वाटेने कधीकधी बोलणं परत येतं. घरीच न्या यांना, गाऊ द्या.” त्यांनी फाइल उघडली, पानं उलटली, पुन्हा उलटली.

“पेशंटला काय येतं ते लिहायला यात जागाच नाही, ताई.”

“मग तक्रारींत लिहा,” मी म्हटलं. “पण लिहा.”

त्यांनी जुन्या ओळीवर रेघ मारली आणि ‘तक्रारी’च्या खाली लिहिलं : गाते. मुलांना नावाने हाक मारते.