आसेगावच्या विहिरीत पोहायचं राहिलं

चिवळीची भाजी आणि विहिरीत एक डुबकी, या दोन लोभांपायी मी फेब्रुवारी संपता संपता पुण्याहून आसेगावला निघाले. तिथे माझी मावशी राहते. पोहायला तिनेच शिकवलं, तेही तिच्या शेतातल्या विहिरीत. अकोल्याहून मंगरूळपीरची एसटी धरा, बायकांना अर्धं तिकीट. स्टँडवर आलूबोंडा खा, पण तर्री मागून घ्या, नाहीतर काय उपयोग! पुढे काळीपिवळी जीप मिळते. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असणाऱ्यांनी घरीच बसावं.

मावशीनं ताटात चिवळ वाढली. वा! पण खारट. "मीठ जास्त झालं गं," मी म्हटलं.

"मिठाचा कण नाई टाकला बाई. वावरातच खार फुटून राह्यला. चिवळ तेवढी माजली, पाथरी गेली, कुंजर गेला, साऱ्या रानभाज्या गेल्या."

जेवून विहिरीवर गेलो. ती हल्ली लवकर आटते, म्हणून मावसभाऊ गजूनं बोअर मारली. धार बारीक, म्हणून सगळे करतात तसं त्यानंही पाइप विहिरीत सोडला. पाणी साठलं की मोटरनं उपसून हरभऱ्याला द्यायचं. पण बोअरचं पाणी खारं निघालं. दगडांवर पांढरा थर चढलाय. पूर्वी पाय सोडले की बारके मासे टोचायचे. मी कितीतरी वेळ बसले, एकही फिरकला नाही. बेडूकही नाही. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि सोबत आलेल्या गजूला म्हणाली, "काढ तो पाइप."

"काहून? हरभरा घाट्यावर आला, दाणा भरून राह्यला. आता एक पाणी द्याच लागते."

"पानं करपून राह्यली, दिसत नाई तुले?"

"पाणी नाई देल्लं त सारंच जाईन!"

मावशीनं पदर खोचला, बोअर बंद केली आणि पाइप ओढून बांधावर टाकला. "हरभरा पुढच्या साली पेरजो. मासोया कुठून पेरशीन?"

गजू चहा न घेताच निघून गेला.

पुण्यात परतले तरी ते डोक्यातून जाईना. मावशीचं पटतं, आणि गजूची कीवही येते. पीक त्याचं होतं, कष्टही त्याचेच. शेवटी परवा फोन केला. "बेडूक आले का गं?"

"एवढ्यात कुठचे? बरसातीत खार धुतला गेला, त पाहू."

"आणि हरभरा?"

"अर्धा गेला." मग म्हणाली, "गजू बोलत नाई माह्यासंग. पण पाइप काई त्यानं परत टाकला नाई."