दोन वर्गांच्या दारात

बाईंचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, तोही मुक्यानेच. स्वयंपाक, धुणं, कालच्या उरलेल्या वह्या, सगळं तोंड न उघडता. हमाल पाठ जपतो, सुतार बोटं जपतो. बाईंचं हत्यार म्हणजे घसा.

शेजारच्या वर्गाचे मास्तर जनगणनेच्या कामावर गेले ते परतलेच नव्हते. दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभ्या राहून बाई दोन्हीकडे शिकवत. उजवीकडे बेरीज, डावीकडे कविता. एकीकडे तोंड वळवलं की दुसरीकडे बाजार भरे. पाणीसुद्धा बेतानंच प्यायच्या; बाथरूमला जायचं तर दार कुणाच्या भरवशावर सोडायचं? शाळा सुटली की पालकांचे फोन, वरून मागवलेले तक्ते.

"घशात गाठी आल्यात," डॉक्टर म्हणाले. "दोन महिने गप्प बसा. नाहीतर आवाज कायमचा जाईल."

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाई, रजा देतो हो. पण बदली माणूस कुठून पैदा करू? घंटा मीच वाजवतोय, गळका नळही मीच बांधतोय."

खोटं नव्हतं ते. बाई पुन्हा दारात उभ्या राहिल्या.

घरी धाकटी मांडीत शिरायची. "आई, गोष्ट सांग ना." बाई ओठ हलवायच्या, नुसती हवा यायची.

"सगळं शाळेत सांडून यायचं, घरी रिकामं मडकं!" असं करवादत सासूबाई स्वतःच गोष्ट सांगायला बसत. राजा शिकारीला निघायच्या आत त्यांनाच झोप लागे.

पगार झाला. बाईंनी कमरेला बांधायचा स्पीकर आणि तोंडाशी लावायचा छोटा माईक घेतला. दुसऱ्या दिवशी हळूच बोलल्या, तरी मागच्या बाकापर्यंत पोचलं. पोरं चिडीचूप. असं जपलं तर संध्याकाळी धाकटीपुरता आवाज उरेल, असं बाईंना वाटलं.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक आले.

"झकास काम केलंत, बाई! व्हरांड्यातसुद्धा खणखणीत ऐकू येतंय." मग घुटमळले. "पलीकडच्या बाईंनाही उद्यापासून जनगणनेला बोलावलंय. त्यांची पोरं व्हरांड्यात बसवतो."

'नाही' म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. माईक बंद होता. नुसती हवा आली.

"उपकार झाले," म्हणत मुख्याध्यापक घंटा द्यायला धावले.

पगाराचा मोठा वाटा त्या स्पीकरमध्ये गेला होता. तेवढ्या पैशांत तिसऱ्या वर्गाचीही सोय झाली.