पाणी न पिणाऱ्या मुली

परतूरहून काळीपिवळी जीपनं शाळेच्या गावाला जायचे ते दिवस. घरून निघताना मी अर्धा कप चहा घ्यायची आणि संध्याकाळी परत येईपर्यंत पाण्याला हात लावायची नाही. शाळेत बाई मी एकटीच. बाकीचे शिक्षक मैदानामागच्या भिंतीकडे जाऊन यायचे. मुलींसाठी स्वच्छतागृह बांधलेलं होतं, दारावर वेणी घातलेल्या मुलीचं चित्रही होतं; पण दाराला कुलूप. आत मोडके बाक आणि खिचडीच्या चुलीची लाकडं. वरच्या टाकीला नळच जोडलेला नव्हता.

दुपार झाली की माझं शिकवण्यातलं लक्ष उडायचं. फळ्यावर लिहिताना एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकायची, खिडकीतून जीप दिसते का बघायची, उगाच पोरांवर खेकसायची. मुख्याध्यापक भले गृहस्थ. एकदा दुसरीकडे बघत म्हणाले, "मॅडम, समोरच्या घरी सांगून ठेवलंय. तुम्ही तिकडं जात जा." मी काही दिवस गेले. घरातली म्हातारी प्रेमानं पाण्याचा डबा भरून द्यायची, पण ओट्यावर बसलेले पुरुष बोलता बोलता गप्प व्हायचे. मी जाणं सोडून दिलं.

ही माझ्या एकटीची अडचण आहे असं मला वाटायचं. मधल्या सुट्टीत पोरं हापशावर तुटून पडायची आणि मुली लिंबाखाली बसून राहायच्या. ते रोज डोळ्यांसमोर असूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

उन्हं तापायला लागली तेव्हा सातवीतली एक मुलगी कवायतीत कोसळली. अंग चटका बसावा इतकं गरम. मी आणि मुख्याध्यापकांनी तिला त्यांच्या मोटारसायकलवर मधे बसवून परतूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पोटावर दाबून पाहिलं.

"लघवीला जळजळतं का गं?"

तिनं मान हलवली.

"कधीपासून?"

"लई दिसांपासून."

"दिवसभरात पाणी किती पितेस?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "शाळेत न्हाई पीत. पिलं की जावं लागतं."

तेवढ्यात तिची आई आली. हरभरा काढायला गेली होती, तशीच पदराला भुसकट लागलेली, धापा टाकत. डॉक्टरीणबाई तिच्यावर ओरडल्या, पोरीला पाणी पाजत नाही का म्हणून. ती खाली मान घालून ऐकत राहिली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "म्याडम, मीच सांगितल्तं तिला, शाळेत पाणी पिऊ नको म्हणून. मी बी वावरात पीत न्हाई. आपलं वावर असतं तर गोष्ट अलग. दुसऱ्याच्या बांधाला बसलं की शिव्या खाव्या लागतात. अंधार पडला की मंग जातो आम्ही बाया."

त्या रात्री मी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

पुढच्या पालकसभेत मी उठून उभी राहिले. तो शब्द चारचौघांत, पुरुषांसमोर उच्चारायची लाज वाटत होती. तरी बोलले. "मुलींना लघवीला जायला जागा नाही, म्हणून त्या पाणी पीत नाहीत, म्हणून आजारी पडतात." समोरचे बापे मोबाईलमध्ये बघायला लागले. एकानं विचारलं, "बरं मॅडम, स्कॉलरशिपचं काय झालं?" तेव्हा त्या मुलीची आई मागून उठली. "म्याडम काय बोलून राह्यल्या ते ऐका ना आधी. माझी पोरगी तापानं फणफणली व्हती. उद्या तुमची पडंल."

दुसऱ्या दिवशी कुलूप निघालं. बाक बाहेर आले. शेजारच्या शेतकऱ्यानं आपल्या बोअरवरून पाईप टाकून दिला. ती मुलगी बरी होऊन शाळेत आली, पण हापशावर गेली तरी नुसते ओठ ओले करून परत यायची. "पी गं, आता काय झालं?" मी म्हणायची. ती हसायची आणि पाण्याकडे पाठ करून बसायची. अंगवळणी पडलेली तहान इतक्या सहज सुटत नसते.

पुढं ऊन वाढलं, हापसा आटला आणि बोअरही आटलं. गावात टँकर सुरू झाला. एकदा त्या आईनं टँकर येताच ड्रायव्हरला शाळेकडे वळायला सांगितलं. हंडे मांडून बसलेल्या बाया चवताळल्या. "आमच्या घरी प्यायला न्हाई अन् पोरींच्या मुतायला पाणी लागतं व्हय?" एकीनं तिचा हात धरून ओढला. तीही मागं हटेना. "तुझी बी पोरगी तिथंच हाय ना?" आवाज वाढत गेले. मी फाटकात उभी होते. मधे पडावं असं वाटत होतं पण गेले नाही, कारण हंडा घेऊन उभी असलेली बाईसुद्धा खोटं बोलत नव्हती. तिच्या कडेवरचं लेकरू पाण्यासाठीच रडत होतं.

शेवटी दोन ड्रम शाळेसाठी असं ठरलं. कधी ते भरायचे, कधी टँकर येईपर्यंत शाळा सुटून जायची. ड्रम रिकामे असले की मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन म्हणायची, "सर, खिचडी झाली की मुलींना घरी सोडते." ते वर न बघता म्हणायचे, "सोडा." पोरांचा गणिताचा तास पुढं चालायचा. मुली दप्तरं डोक्यावर धरून उन्हातून भराभर घराकडे निघायच्या, आणि अर्धा वर्ग रिकामा झाला की फळ्याकडे वळायला माझं मन घ्यायचं नाही.