अण्णांचा खुलासा

हे नवऱ्याला ठाऊक नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आता तुम्हाला सांगते. तशी मी बोलायला कचरणारी बाई नाही — ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि त्या कुणाच्या ते सांगायचं, हेच माझं काम. मी एकदा सांगितलं की सहसा कुणी वाद घालत नाही. घरीही तेच झालं.

दोन हजार पाचचा उन्हाळा. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आमचं टाउनहाउस, ग्रीन कार्डचा अर्ज लटकलेला, आणि नितीनचा — माझ्या नवऱ्याचा — एकच धोशा: कार्ड हातात येईपर्यंत नाकासमोर चालायचं. फ्रीवेवरसुद्धा हा माणूस ताशी पासष्ट मैलांच्या वर जात नसे. माझे सासरे, अण्णा, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, सासूबाई आधीच गेलेल्या. परक्या गावात दिवसभर एकट्याने करायचं काय? तेव्हा प्रत्येक मराठी पेपरच्या साइटला वेगळा फाँट लागायचा. तो मी कॉम्प्युटरवर चढवून दिला, त्यांना माउस धरायला शिकवलं. मग रोज सकाळी मी चहा घेताना ते मला साताऱ्याच्या बातम्या वाचून दाखवायचे. पाणीकपात, नगरपालिका, कोण गेलं. माझे वडील गेल्यापासून माझ्याशी इतकं कुणी बोललं नव्हतं. मला ते फार आवडायचं.

आणि मी काय करत होते? ऑफिसात लंचला सगळे एका इंग्रजी मालिकेवर बोलायचे. ते चॅनेल आमच्याकडे नव्हतं. मग ती मालिका मी त्याच कॉम्प्युटरवर फुकट उतरवायला लागले — आधी एक भाग, मग अख्खा सीझन. ही चोरी आहे असं वाटत नव्हतं का? वाटत होतं. पकडली जाईन असं मात्र वाटत नव्हतं.

एका सोमवारी इंटरनेट बंद पडलं. नितीनने कंपनीला फोन लावला. तुमच्या कनेक्शनवरून कॉपीराइट असलेली मालिका उतरवली जातेय अशी तक्रार आलीय, म्हणून सेवा थांबवली, पत्र पाठवलंय — असं तिकडून सांगितलं. फोन ठेवताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हे ग्रीन कार्डच्या आड आलं तर?"

"अण्णा फाँट शोधताना कुठल्या तरी भलत्याच साइटवर गेले असतील," मी म्हणाले. "होतं असं. काहीतरी आपोआप डाउनलोड होतं."

शांतपणे म्हणाले. मीटिंगमध्ये बोलते तशी. अण्णा समोरच सोफ्यावर बसले होते.

"माझ्याकडूनच झालं असेल," ते म्हणाले. नितीन त्यांना म्हणाला, "अण्णा, आता कॉम्प्युटर राहू द्या." वडिलांशी त्या सुरात तो पूर्वी कधी बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा फोन करून हमी दिली आणि सेवा सुरू झाली. विषय मिटला — आमच्यापुरता. पण अण्णांच्या लेखी पत्र आलं म्हणजे खुलासा द्यायलाच हवा. पत्र हातात पडलं तशी त्यांनी दोन पानं लिहून काढली, पाकिटात घातली आणि माझ्याकडे दिली. "मेधा, पोस्टात टाक. उत्तर गेलं नाही तर फाइल उघडी राहते."

पाकीट चिकटवलेलं नव्हतं. किराणा दुकानाबाहेर गाडीत बसून मी ते वाचलं. जुनं सरकारी इंग्रजी, वळणदार अक्षर. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकही मेमो मिळालेला नाही, हेही लिहिलेलं. आणि शेवटी — सदर चूक सर्वस्वी माझी असून माझ्या सुनेचा तिच्याशी काहीही संबंध नाही.

मुलाचा उल्लेख नव्हता. फक्त सुनेचा. सुनेबद्दल त्यांना विचारलं होतं कुणी? रोज सकाळी पेपर उघडताना त्याच पडद्यावर माझी मालिका उतरताना त्यांना दिसत होती. त्यांना सगळं माहीत होतं. सोफ्यावर बसले होते तेव्हाही.

त्या संध्याकाळी मी नितीनला सांगू शकले असते. मी भाजी घेऊन घरी गेले आणि म्हणाले, "टाकलं, अण्णा." ते म्हणाले, "बरं झालं."

त्यानंतर त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तो माणूस उरलेले तीन महिने पेपरशिवाय खिडकीशी बसून राहिला, आणि मी त्यांच्यासमोर चहा पीत राहिले. पुढे नितीन साताऱ्याला कॉम्प्युटर घेऊन द्यायला निघाला, तर "मला त्यातलं कळत नाही रे" म्हणाले. चार वर्षांनी ते गेले. पाकीट माझ्या ग्रीन कार्डच्या कागदांत आहे.

अण्णांनी अमेरिकेत येऊन इंटरनेट कसं बंद पाडलं, हा किस्सा नितीन अजून पाहुण्यांना सांगतो. गेल्या महिन्यात तो गावाला गेला होता. घरी मंडळी जमली होती. मुलगी म्हणाली, "आई, टेल देम द आजोबा स्टोरी."

मी सांगितली. नितीनपेक्षा चांगली सांगितली.