नापास केलेला चाकू

तो गल्लीच्या नजरेत पहिल्यांदा भरला तो एका बादलीमुळे. भांड्यांच्या दुकानात त्यानं तीन बादल्या निवडल्या, दुकानदाराच्याच नळावर काठोकाठ भरल्या आणि एकेक उचलून रस्त्यावरून पन्नास पावलं चालून आला. दर खेपेला तळहात उघडून कडीचा वळ किती खोल उमटलाय ते बघितलं, वहीत काहीतरी टिपलं, "उद्या सांगतो" म्हणाला आणि निघून गेला. दुकानदार ओल्या पायरीकडे बघत राहिला. "हा बादली घ्यायला आला होता की तिची परीक्षा घ्यायला?" असं त्यानं शेजाऱ्याला विचारलं, आणि त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं तपासनीस.

तेव्हा तो चाळिशीचा असेल. दातांच्या दवाखान्यामागच्या लांबट खोलीत बसून तो कवळ्या तयार करी. टेबलावर प्लॅस्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, एक लहानशी निळी ज्योत. डावखुरा असल्यामुळे दिवा उजवीकडे. केसाएवढा फरक त्याला दिसे. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई म्हणत, "याची कवळी तोंडात बसली की म्हातारी माणसं आधी भांडून घेतात, मग जेवतात."

हीच नजर घेऊन तो बाजारात जाई. गादी घेताना दुकानात अर्धा तास आडवा झाला होता, कुशी बदलून बदलून. बायको तेवढा वेळ पाठ फिरवून पडद्यांचं कापड चाचपत उभी, जणू हा गृहस्थ तिच्या ओळखीचाच नाही.

"अहो, निदान डोळे तरी मिटू नका," ती ओठ न हलवता म्हणाली. "लोकांना वाटेल झोप लागली."

"लागते का तेच तर बघतोय."

लोक हसत, पण पंखा घ्यायचा असो की चष्म्याची फ्रेम, विचारायला त्याच्याकडेच येत. त्यानं चांगली म्हटलेली वस्तू सहसा दगा देत नसे. आपल्या शब्दाला वजन आहे हे त्याला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर ते त्याला फार आवडतही होतं.

पन्नाशीच्या आसपास त्याला गच्चीवरच्या गुलाबांचा नाद लागला. रानगुलाबाच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरायचा, म्हणजे सालीला बारीक चीर देऊन तिच्यात कळीचा कोंब बसवायचा. या कामाच्या चाकूला धार एकाच बाजूनं असते, आणि ती बाजू उजव्या हाताच्या सोयीची. डाव्या हातात तोच चाकू सालीत तिरका शिरतो. त्याचे पहिले अकरा डोळे सुकून गेले.

म्हणून तो अवजारवाल्या मावशीकडे गेला. मावशी म्हणजे नवऱ्यामागे एकटीनं दुकान चालवणारी, जाड भिंगांचा चष्मा लावणारी, फटकळ बाई. दोन महिने तो तिच्याकडे जात होता. तिनं त्याला स्टूल दिलं, चाकू हाताळायला दिले, घरच्या झाडाच्या ओल्या फांद्या आणून दिल्या.

"इतक्या वेळात मी एक जावई पसंत केला असता," ती म्हणायची.

"जावई बदलून मिळत नाही, मावशी. म्हणून चाकू तरी नीट बघावा."

शेवटी तीच म्हणाली, "हे बघ, माझे चाकू एक म्हातारा लोहार करतो. बसनं तीन तासांवर राहतो. त्याला सांगते डाव्या धारेचा एक कर म्हणून. पण तुझ्याशिवाय दुसरं कोणी तो घेणार नाही. मधेच दुसरीकडे नाही ना पळणार?"

"छे! काहीतरीच काय!"

लोहाराला तीन आठवडे हवे होते. निवड संपली होती, पण शोध थांबवणं त्याला कधी जमलंच नव्हतं. दुपारचा डबा खाताना तो मोबाइलवर इतर चाकूंबद्दल वाचत बसे. दूरच्या एका कारखान्याचा डाव्या धारेचा चाकू त्याला सापडला. साल उचलायला पात्यामागे पितळी जीभ होती, आणि वापरणाऱ्या सगळ्यांनी भरभरून लिहिलं होतं. त्यानं तो मागवला. चार दिवसांत घरी आलासुद्धा. मावशीला सांगू, उद्या सांगू, असं म्हणता म्हणता तिचाच निरोप आला: चाकू आलाय.

तो गेला तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मावशीनं कागदाची घडी उलगडून चाकू त्याच्या हातात दिला. "घे. तुझ्यासाठी म्हातारा धारेच्या चाकासमोर उलटा बसला होता म्हणे."

त्यानं फांदीवर एक चीर दिली आणि त्याच क्षणी त्याला कळलं की घरच्या चाकूपेक्षा हा सरस आहे. मूठ त्याच्या बोटांसाठीच घडवल्यासारखी होती. आता 'मी दुसरा घेऊन बसलोय' म्हणावं, तर दोन महिने जिचा वेळ खाल्ला तिच्यासमोर, वर त्या दोन गिऱ्हाइकांसमोर. हाही घेऊन जावा, तर एका कामाला दोन वस्तू घेणाऱ्यांना तो आजवर हसत आलेला. आणि मग त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याचं त्यालाच परक्यासारखं ऐकू आलं.

"उतार सारखा नाही, मावशी. टोकाशी एका बाजूला ओढतोय."

मावशीनं चष्मा पुसून पातं उजेडात धरलं. "मला तर दिसत नाही काही. पण तू म्हणतोस म्हणजे असणार."

तिनं शंका घेतली असती, भांडली असती, तरी चाललं असतं. त्या एका वाक्यानं त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

घरी बायकोनं विचारलं, "घेतलात?"

"नापास केला."

ती हातातलं काम टाकून बघत राहिली. "दुसरा घेतला म्हणून सांगायला जाणार होतात ना?"

"जाणार होतो."

"मग? सगळ्या गावाची तोंडं दुरुस्त करता, तुमच्या तोंडाला काय झालं?"

तो हात धुऊन पानावर बसला. जेवण नीट गेलं नाही.

त्याला वाटलं, प्रकरण तिथं मिटलं. पण महिन्याभरानं मावशीनं त्याला दुकानात बोलावून दुसरा चाकू पुढे केला. म्हाताऱ्यानं नव्यानं केला होता. पहिला तिच्या गल्ल्याशेजारीच पडला होता. दोन्ही जुळ्या भावांसारखे. याला पास म्हटलं तर मावशी दोन्ही शेजारी ठेवून विचारणार, फरक कुठे आहे तो दाखव. आणि फरक नव्हताच.

"अजून जरासं ओढतोय," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता दुकानाच्या पायऱ्या उतरला. त्यानंतर तो कामावर जाताना मागच्या रस्त्यानं जाऊ लागला.

पुढच्याच आठवड्यात मावशी दवाखान्यामागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मागे कापडाची गुंडाळी काखेत धरलेला, अंगठ्याची नखं काळी पडलेला एक म्हातारा.

"हा आमचा लोहार. ऐकेचना. म्हणाला, मला भेटायचंच."

"साहेब, मी भांडायला नाही आलो," म्हातारा म्हणाला. त्यानं गुंडाळी उलगडून दोन्ही चाकू दिव्याखाली ठेवले. "चाळीस वर्षं चाकू करतोय. डाव्या हाताचा हा पहिलाच. एकदा चुकला, समजू शकतो. दुसऱ्या वेळी समोर आरसा ठेवून केला. तोही ओढतो म्हणता. मला ओढ दिसत नाही. म्हणजे माझी नजर गेली असणार. तसं असेल तर चाक बंद करतो. कुणाचं बोट जायला नको माझ्यामुळे. तुम्ही फक्त कुठे ओढतो तेवढं बोट ठेवून दाखवा."

तपासनिसानं एक चाकू उचलला. पातं दिव्याकडे वळवलं. निळी ज्योत बारीक फुरफुरत होती. दोघंही त्याच्या बोटाकडे बघत होते, ते कुठे टेकतंय म्हणून.

"ओढत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"एकही ओढत नाही. दोन्ही बरोबर आहेत. पहिला यायच्या आधीच मी दुसरीकडून चाकू मागवला होता. सांगायची लाज वाटली."

"आणि खोटं बोलायची नाही वाटली?" मावशी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तो पुढे वाकला. "म्हणजे माझी नजर ठीक आहे?"

"ठीक आहे, काका. असा चाकू मी हातात धरलेला नाही."

"नक्की? की मी एवढ्या लांबून आलो म्हणून आता मन राखताय?"

"नाही हो! अगदी खरं सांगतोय."

"तेव्हाही तुम्ही तसंच सांगितलं असेल," म्हातारा म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसती अडचण होती. तो उजव्या हाताचा, मावशी उजव्या हाताची. डाव्या हाताचा चाकू सरळ चालतो की नाही हे सांगू शकणारा त्या खोलीत एकच माणूस होता, आणि त्याच्या दोन उत्तरांपैकी कुठलं धरायचं ते म्हाताऱ्याला कळेना.

तपासनिसानं बाहेरच्या झाडाची फांदी तोडून आणली, चिरून दाखवली, चीर दिव्याखाली धरली, पुन्हा चिरली. म्हाताऱ्यानं मान हलवली, पण ती समोरच्याचं मन मोडू नये म्हणून हलवतात तशी. निघताना दोन्ही चाकू त्यानं टेबलावरच ठेवले. "राहू द्या. दुसऱ्या कुणाला काय उपयोग?"

मावशी दारात थांबली. "मी चष्मा पुसून पुसून बघत होते रे," एवढंच म्हणाली आणि गेली.

दोन महिन्यांनी तिच्या दुकानात त्या लोहाराचे चाकू यायचे बंद झाले. म्हाताऱ्याचं वय झालं होतं, हात दुखत असतील, काहीही असेल. तपासनिसाला एकदा बसनं जाऊन विचारायचं होतं. तो स्टँडपर्यंत गेला, तिकिटाच्या रांगेत उभा राहिला, आणि आपला नंबर आल्यावर मागच्या माणसाला पुढे करून परत आला. बायकोला मात्र त्यानं हे सांगितलं, म्हणून गल्लीतल्या दोघा-तिघांना कळलं. तिनं या वेळी थट्टा केली नाही.

लोक अजूनही त्याला विचारायला येत, कारण चाकूची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती. मिक्सर कुठला घेऊ, बूट कुठले घेऊ. "मला त्यातलं कळत नाही," असं म्हणून तो आत जाई, आणि माणसं बुचकळ्यात पडून परत जात.

आता त्यानं साठी ओलांडली आहे. आठवड्यातून दोन दिवस कवळ्या करतो, गच्चीवर त्याचे तीस गुलाब आहेत. घरासाठी लागेल ते बायको जाऊन आणते आणि ती जे आणते ते तो वापरतो.