पहिलं कडवं न वाजवणारा

कल्हईवाला गाण्याचं पहिलं कडवं वाजवत नसे. पेटी सुरू व्हायची, कोरस टाळ्या धरायचा, आणि हा ढोलक पुढ्यात घेऊन, दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवून गाणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघत बसायचा. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी कुठेतरी त्याचा पहिला ठोका पडायचा आणि वाटायचं, गाणं आत्ता कुठे उभं राहिलं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "बोल ऐकल्याबिगर हात कसा टाकू? बाई काय म्हणून राह्यली, ते तर समजलं पाहिजे."

मला त्याचा हेवा वाटत होता. हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली, कारण तेव्हा मी हेव्याला 'तात्त्विक मतभेद' म्हणत असे.

चंद्रपुरात आमच्या वॉर्डातल्या विहाराच्या पडवीत मास्तरांनी नवं गायन पथक उभं करायला घेतलं होतं. मास्तर प्राथमिक शाळेत शिकवत आणि पेटी वाजवत. गायला सुमनबाई होत्या, सरकारी दवाखान्यात आया म्हणून काम करायच्या. कोरसची चार पोरं ठरली होती. उरली होती फक्त ढोलकची जागा, आणि ती माझीच आहे असं मी धरून चाललो होतो. लहानपणापासून वॉर्डातल्या प्रत्येक जयंतीला मी वाजवत आलो होतो. शिवाय पथकाच्या वहीतली तीन गाणी मी लिहिलेली होती. मग मला कोण पारखणार?

मास्तरांची पारखायची रीत होती. जो कोणी येईल त्याने आधी दोन गाण्यांना कोरसबरोबर मागे बसून टाळी द्यायची. दुसऱ्याच्या वाद्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. पट्टी विचारून घ्यायची. यातलं काही ते तोंडाने सांगत नसत, नुसते बघत बसत. मी शोषणापासून संघटनेपर्यंत सगळ्यावरची पत्रकं वाचली होती, पण पडवीत कसं बसावं हे कुठल्याच पत्रकात छापलेलं नव्हतं.

त्या रविवारी दुपारी मी आलो तो थेट ढोलकपाशी.

"आधी मागं बस जरा," मास्तर म्हणाले.

"टाळ्या द्याले नाई आलो मी, मास्तर."

मी ढोलक उचलला, कड्या ओढून चांगला ताणला. सुमनबाईंनी माझंच गाणं सुरू केलं. स्वतःचे शब्द ऐकून मला असा जोर चढला की पहिल्या ओळीपासून मी पडवी दणाणून सोडली. तिसऱ्या कडव्यात मास्तरांनी पेटी थांबवली.

"आता काय म्हटलं बाईनं?"

"माह्यंच गाणं हाय मास्तर, मले पाठ हाय."

"तुले पाठ हाय रे. लोकाईले ऐकू तर येऊ दे."

कोरसची पोरं हसली.

दाराशी चपलांजवळ एक किडकिडीत माणूस बसला होता. तो माझ्या आधी आला होता आणि माझ्या वाजवण्यालाही त्याने मागून टाळी दिली होती. सायकलला भाता बांधून तो गोंडपिपरी, कोरपना, सगळीकडे कल्हई लावत फिरायचा, म्हणून सगळे त्याला कल्हईवालाच म्हणत. भट्टीमुळे त्याची बोटं टणक आणि काळसर झाली होती. तो उठून माझ्याजवळ आला.

"भाऊ, तुमचं झालं न? घेऊ का?"

मी कड्या चाचपत बसलो. तो तसाच उभा राहिला. ढोलक मास्तरांचा होता, मास्तरांनी मान हलवली होती, तरी हा माझ्या तोंडाकडे बघत होता, कारण शेवटचा हात माझा लागला होता. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "घ्या न!" त्याने मास्तरांना पट्टी विचारली, मी ताणलेल्या कड्या हळूहळू सैल करून ढोलक पेटीशी मिळवला, आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. मला वाटलं, घाबरला. मग दुसरं कडवं आलं.

गाणं संपल्यावर सुमनबाई पाणी प्यायल्या आणि एवढंच म्हणाल्या, "आज मले ओरडा नाई लागलं."

जागा त्याला मिळाली. मला मास्तरांनी कोरसमध्ये बसवलं.

मागे बसून मी त्याचे दोष शोधायला लागलो. दोष सापडेनात, तसा राग वाढत गेला. एकदा तालमीनंतर तो माझ्याकडे आला. "भाऊ, एक विचारू? त्या दुसऱ्या गान्यात 'परिवर्तन' येते न, तिथी बाईचा दम तुटते. शब्द जड होऊन राह्यला. काढून पाहा न एकदा." मी त्याला परिवर्तनाचं महत्त्व समजावून सांगितलं, चांगली दहा मिनिटं. त्याने सगळं ऐकून घेतलं. घरी जाऊन मी तो शब्द काढला. गाणं सुधारलं. हे मी त्याला कधीच सांगितलं नाही.

मग मी मला येत होतं ते केलं. एक पत्रक लिहिलं. आपलं पथक करमणुकीसाठी नाही, लग्नात, उरुसात, कोणाच्याही मांडवात वाजवणाऱ्याचे हात चळवळीच्या गाण्याला चालणार नाहीत, असा मजकूर. वाक्यं धारदार होती. सायक्लोस्टाईल करून मी प्रती बैठकीत वाटल्या. कोणाचं नाव नव्हतं. धर्माचा शब्द तर मी काढणारच नव्हतो, मी स्वतःला तसा माणूस समजत नव्हतो.

सुमनबाईंनी कागद वाचून खाली ठेवला. "नाव नाई घेतलं तू. पर या पडवीत उरुसात वाजवनारा एकच हाय."

कल्हईवाल्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यापुढे धरला. "भाऊ, मले वाचता नाई येत. तुमीच वाचून दाखवा न."

मी वाचलं. त्याच्याच विरुद्धचं पत्रक मी त्यालाच वाचून दाखवलं, आणि तो हात गुडघ्यांवर ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत ऐकत राहिला. मी मध्ये दोनदा अडखळलो. तो थांबला. शेवटी म्हणाला, "बोल चांगले हायेत. मले समजलं."

"मंग?" मास्तरांनी विचारलं.

"मी तर कोनाले नाई म्हनत नाई, मास्तर. जो बुलाएगा त्याच्याकडे जातो. माह्या अब्बानं तसंच शिकवलं. ते आता नाई सुटत. जागा सोडतो मी."

मास्तर माझ्याकडे बघत होते. तेव्हाच कागद फाडता आला असता. पत्रकाचा ठराव मताला आला; पोरांनी हात वर केले, मीही केला, आणि ढोलकची जागा मला मिळाली.

पहिला कार्यक्रम गोंडपिपरीकडच्या एका खेड्यात होता, नव्या विहाराच्या उद्घाटनाला, भर दुपारी. कल्हईवाल्याची भट्टी त्या आठवड्यात त्याच गावात लागली होती. हात धुऊन तो आला. जुन्या वाजवणाऱ्याने नव्याला जागेवर बसवून द्यायचं, ही त्यांच्यातली रीत. त्याने ढोलक पट्टीत मिळवला, माझ्या पुढ्यात ठेवला आणि मागे कोरसच्या रांगेत जाऊन बसला. तिसऱ्या गाण्यात माझा हात पळायला लागला. सुमनबाईंनी वळून पाहिलं. तेवढ्यात मागून एक टाळी जरा जोरात पडायला लागली, ठाम, आणि मी तिला धरून परत आलो. ऐकणाऱ्यांना काही कळलं नाही. त्यांनी माझंच कौतुक केलं.

कार्यक्रमानंतर तो सायकलला भाता बांधत होता. गावातली एक म्हातारी पाण्याची पितळी गुंड कल्हईला घेऊन त्याच्यापाशी आली.

"काऊन रे बाबू, तू नाई वाजवलं आज? मांगं लग्नात त लय वाजवलं होतं."

मी चार हातांवर उभा होतो. तो आता काय सांगणार, हे ऐकायला मी कान टवकारले. माझं पत्रक, माझा ठराव, सगळं त्या म्हातारीपुढे येणार होतं, आणि मला उत्तर द्यावं लागणार होतं. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. त्याने एकदा तरी वाईट बोलावं.

"आता हे भाऊ हायेत न, माय," माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला. "गानंबी ह्याईचंच हाय. लिहिनाऱ्यानं सोताच वाजवलं त बोल जपून वाजवते."

म्हातारीला ते पटलं. तिने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. माझ्या बाजूचं इतकं चांगलं कारण माझ्या दोन पानी पत्रकात कुठेच नव्हतं. त्याने ते तिथल्या तिथे, भात्याची दोरी आवळताना काढलं होतं, आणि मला देऊन टाकलं होतं. मी त्याचे आभार मानू शकलो असतो. त्याऐवजी मला वाटलं, हे आपल्याला का सुचलं नाही.