चुकीच्या चिंचेखाली

जालन्याच्या मोठ्या बागेत मी फिरायला म्हणून एकदाही गेलेलो नाही. अकरा वेळा गेलो, अकराही वेळा मुलगी बघायला. तिथल्या खारींना माझा बायोडाटा पाठ आहे. गेटवरचा वॉचमन तर मला बघितलं की काही विचारत नाही, नुसती बोटं मोजून दाखवतो.

हल्ली आमच्या भागात बघण्याचे कार्यक्रम बागेतच होतात. घरी पाहुणे बोलावले की गल्लीला कळतं, आणि नकार आला की गल्ली तो वर्षभर चघळते. बागेत ती भानगड नाही. दोन्हीकडची माणसं सतरंजी टाकून बसतात, चिवडा खातात, पोरापोरीला एक चक्कर मारायला पाठवतात, आणि जमलं नाही तर सतरंजी झटकून सहलीला आल्यासारखी निघून जातात. रविवारी तर प्रत्येक झाडाखाली एक सोयरीक चाललेली असते. नुसता आंबा पडला तरी चार वरबाप दचकतात.

मी भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा. वय तेहतीस, पाच एकर शेती, विहिरीला बारमाही पाणी, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. एवढं सगळं सांगून झालं की मुलीचा बाप विचारतो, "अन् नोकरी?" मी म्हणतो, शेतीच. मग त्याचा चेहरा असा उतरतो की वाकून उचलून परत द्यावासा वाटतो. असे दहा चेहरे मी उतरवले होते. गावातल्या माझ्या वयाच्या पोरांचीही तीच गत. आमच्या बिनलग्नाच्यांची रांग लावली तर शेवटचा गडी भोकरदनच्या स्टँडवर उभा राहील.

अकराव्या वेळी मध्यस्थ होते माझे मामा. वडील आणि मी बागेच्या गेटवर पोहोचलो तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"मी राजूरला पंक्चर काढून राह्यलो. तुम्ही व्हा पुढं. मोठ्या चिंचेखाली बसलेत ते. बराबर सापडतील."

मामांनी ही बाग जन्मात पाहिलेली नाही. आत चिंचेची झाडं इतकी की माकड एकीवर चढलं तर जमिनीला पाय न लावता उन्हाळा काढील, आणि त्यातली एकही चिंच स्वतःला लहान समजत नाही. आम्ही अर्धा तास त्या झाडीत हुडकत फिरलो. शेवटी एका चिंचेखालून एक गृहस्थ उठले आणि त्यांनी हात केला.

"या पाहुणे. धावड्याचेच ना?"

"धावड्याचेच," वडील म्हणाले आणि चपला काढून सतरंजीवर बसलेसुद्धा.

आडनाव विचारून झालं. तेही जुळलं. आमच्या गावात डोळे मिटून दगड मारला तर तो आमच्याच आडनावाच्या माणसाला लागतो. मग नातं निघालं. मुलीच्या आत्याच्या नणंदेचा दीर माझ्या चुलतीचा मावसभाऊ. नातं निघालं म्हणजे माणसं तीच, असं वडिलांनी धरून चाललं. खरं तर जालना जिल्ह्यातली कुठलीही दोन घरं एका सतरंजीवर बसवा, चहा निवायच्या आत नातं निघतं.

"अन् तुम्ही काय करता?" गृहस्थांनी मला विचारलं.

"शेती."

चेहरा उतरला नाही. उलट खुलला. "बघा," ते बायकोला म्हणाले, "एवढं असून आधी नाव शेतीचं घेतलं."

"एवढं म्हंजी काय, पाच एकर," वडील म्हणाले.

"ह्याला म्हणतात माणूस. बिलकुल गर्व न्हाई. लई पहाटे निघाले असताल पुण्याहून."

"पहाटे तर रोजच उठतो," वडील चिवडा चावत म्हणाले. "धारा काढायच्या असतात."

गृहस्थ पोट धरून हसले. एवढा गमतीशीर व्याही त्यांना उभ्या आयुष्यात मिळाला नसावा.

मला कळलं होतं. ही माणसं दुसऱ्याच कुणाची वाट बघत होती. धावड्याहून कधीकाळी पुण्याला गेलेल्या आमच्याच आडनावाच्या एखाद्या इंजिनिअरची. त्याच क्षणी उठायला पाहिजे होतं. पण तेहतीस वर्षांत पहिल्यांदा एका मुलीच्या बापाने माझी चिवड्याची वाटी दुसऱ्यांदा भरली होती. मी ती खात बसलो.

मग मला आणि मुलीला चक्कर मारायला पाठवलं. कडुलिंबांच्या दाटीत शिरल्यावर मी तिला म्हणालो, "एक सांगायचं राहिलं. मी पुण्याचा न्हाई."

"माहितीय. तुम्ही चपला काढल्या तवाच कळलं. कंप्युटरपुढं बसणाऱ्याच्या टाचा अशा फुटत न्हाईत."

"मंग बोलल्या का न्हाई?"

"तुम्ही तरी कुठं बोलले?"

मागून आलेल्या पळणाऱ्या काकांना वाट दिली. मग मी धीर करून विचारलं, "शेतकरी नवरा इतका वाईट असतो का हो?"

"वाईट कोण म्हणलं? मी बी दहावीपस्तोर शेतातच होते." तिने हात पुढे केला. कापसाच्या बोंडांनी ओरबाडलेल्या खुणा बोटांवर अजून होत्या. "माय अजून वेचती. म्हणूनच नको."

आम्ही सतरंजीकडे वळलो.

परत आलो तर सतरंजीशेजारी एक पांढरे बूट घातलेला मुलगा आई-बापासकट उभा होता. तोवर वडिलांनी अक्षय तृतीयेचा मुहूर्त कबूल करून टाकला होता आणि वऱ्हाडाला किती जीप लागतील त्यावर चर्चा चालू होती.

"मंग तुम्ही कोण?" गृहस्थांनी वडिलांना विचारलं.

"आम्ही पाहुणे."

"कुणाचे?"

वडिलांनी आजूबाजूच्या चिंचांवरून सावकाश नजर फिरवली. "तेच हुडकून राह्यलो," ते म्हणाले.

तेवढ्यात मामांचा फोन. "कुठं मेल्ते दोघं बी? दीड तास वाट बघितली त्यांनी. पोराला लग्नाची हौसच दिसत न्हाई म्हणून उठले. भोकरदनची गाडी धरायला गेलेत."

मला हौस नाही. मी, जो हळदीच्या वासानेही झोपेतून उठून बसतो. रिक्षावाल्याला असं पळवलं की वाटेतले गतिरोधक आम्हाला लागलेच नाहीत.

गाडी स्टँडवर उभी होती. मामांनी सांगितलेल्या खुणेवरून माणसं ओळखली. मी खिडकीखाली उभं राहून सगळं सांगितलं. मुलीचे वडील भले होते, हसलेसुद्धा. "होतं असं. बाग लई मोठी हाये," म्हणाले. मग हळूच विचारलं, "नोकरी कुठंय म्हणले?"

"शेती करतो. पाच एकर."

"अस्सं. मामा तसं बोलले न्हाईत." थोडं थांबून ते म्हणाले, "मंग चुकामूक झाली ते बरंच झालं. तुम्हाला बी पुन्हा खर्चा नको."

एवढं ऐकून मानाने पाठ फिरवून निघून जावं, तर आम्हालाही त्याच गाडीने जायचं होतं. वडिलांना मागे जागा मिळाली. मी दांडीला धरून उभा राहिलो, नेमका त्यांच्या सीटपाशी. मुलगी खिडकीला होती. राजूर गेलं, रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याने मला तिच्या बापाच्या खांद्यावर टेकवलं, प्रत्येक वेळी मी माफी मागितली. ती बाहेर बघत होती. बाहेर कापूसच होता.

त्या दीड तासाच्या प्रवासात मी तिला सांगण्याजोगं एक वाक्य शोधत होतो. शेतीबद्दलचं, खोटं नसलेलं, आणि तरीही ऐकून तिला मान वळवावीशी वाटेल असं. एरवी मी शब्दाला कधी कमी पडलेलो नाही.

भोकरदन आलं. "जरा सरका," ती म्हणाली. मी सरकलो.